स्मृतिबिल्ले व पदके, विदर्भातील स्थानिक संग्रहांतील

एखादा प्रसंग, व्यक्ती किंवा सेवा यांच्या स्मरणार्थ काढलेले, छातीवर लावण्याचे किंवा जपून ठेवण्याचे नग. ग्रामीण विदर्भात ते सार्वजनिक वाचनालये, शाळा, आश्रम, हुतात्मा स्मारके आणि जुने वाडे यांतील लहान संग्रहांत आढळतात. पदक सामान्यतः फितीला किंवा कडीला अडकवलेले असते. बिल्ला मागच्या टाचणीने कपड्यावर लावतात. कोतवाल, चपराशी यांच्या पट्ट्यावरची पितळी चपरास पुष्कळ ठिकाणी याच पेटीत ठेवलेली दिसते. पण ती अधिकारचिन्ह असल्याने तिची नोंद वेगळी करावी. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, स्वातंत्र्यसैनिकांना दिलेले ताम्रपत्र पदक नसले तरी त्याच घरातून, त्याच कागदपत्रांसह येते, म्हणून ते सोबत ठेवणे योग्य.

कालनिश्चिती : बहुतेक बिल्ल्यांवर साल नसते, म्हणून राज्याचे नाव हा पहिला आधार. मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला. वऱ्हाड १८५३ च्या तहाने ब्रिटिश कारभाराखाली आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला; ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) ही अक्षरे असलेला नग त्यामुळे त्याआधीचा नसतो. ‘मध्यप्रदेश’ हे नाव १९५० पासूनचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आले. म्हणून विदर्भातल्या कार्यालयातून किंवा शाळेतून आलेला ‘मध्यप्रदेश शासन’ असा बिल्ला जेमतेम सात वर्षांच्या पट्ट्यात बसतो. मध्यप्रदेशातच राहिलेल्या सौंसर, पांढुर्णा या बाजूच्या सोयरिकीतून आलेले नग मात्र पुढच्या काळातलेही असू शकतात. त्यामुळे नग कुठल्या घरातून आला, ही नोंद नावाइतकीच महत्त्वाची.

सर्वाधिक मतभेद ‘झेंडा सत्याग्रहाचे’ म्हणून दिल्या जाणाऱ्या चरखाचिन्हांकित बिल्ल्यांबाबत आहेत. हा सत्याग्रह नागपुरात १९२३ च्या मे ते ऑगस्ट या महिन्यांत झाला आणि गावोगावचे स्वयंसेवक त्यात होते, त्यामुळे घरची परंपरा सहसा हेच साल सांगते. परंतु १९२१ पासून प्रचारात असलेल्या झेंड्यात वर पांढरा, मध्ये हिरवा व खाली तांबडा पट्टा आणि तिन्हींवर पसरलेला मोठा चरखा होता. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्या पट्ट्यात चरखा ही रचना काँग्रेसने १९३१ मध्ये स्वीकारली. केशरी पट्टा वर असलेला बिल्ला १९२३ चा मानता येत नाही. मीनाकाराने रंगांचा क्रम चुकवला असावा, असाही एक बचाव केला जातो. तो एखाद्या नगाला लागू पडेल, पण त्याच क्रमाचे अनेक नग समोर असता १९३१ नंतरचा काळ धरणेच अधिक सयुक्तिक. याची दुसरी बाजूही आहे. २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वजात चरख्याच्या जागी अशोकचक्र आले, तरी काँग्रेसच्या पक्षध्वजावर चरखा राहिलाच. केवळ चरखा दिसतो म्हणून बिल्ला स्वातंत्र्यपूर्व ठरत नाही. अशा वेळी टाचणीची घडण, मीन्याचा प्रकार आणि अक्षरांचे वळण एकत्र पाहावे लागते.

चिमूर व आष्टी येथील १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावांच्या नावाचे बिल्लेही याच कसोटीने पाहावेत. पुढारी पकडले गेलेले आणि गावांवर लष्कर व पोलीस आलेले असताना ठसा कोरून बिल्ले पाडून घेतले असतील, हे संभवत नाही. असे नग बहुधा नंतरच्या स्मृतिदिनांचे असतात. त्याने त्यांचे मोल घटत नाही; गावाने आपले हुतात्मे कसे आठवले, याचा तो पुरावा आहे.

सैनिकी पदके : पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ ३६ मिमी. व्यासाचे व चांदीचे असते. मजूर तुकड्यांना दिलेले काशाचे नग तुलनेने थोडे. त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. कड घासून नवे नाव घातले असल्यास व्यास किंचित घटतो आणि कडेची जाडी एकसारखी राहत नाही. व्हर्नियर कॅलिपरने चार दिशांनी मापल्यास हे लगेच कळते. दुसऱ्या महायुद्धातील ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ तांबे-निकेलचे असून मागे भारताचा नकाशा आहे. पुष्कळ चांदीची पदके सोनाराकडे आटली. उरलेल्यांपैकी काहींच्या माथ्यावर डाख दिलेली कडी दिसते: पदक रुपयांच्या माळेत ओवून गळ्यात घातले जाई. ही कडी काढू नये.

तपासणी : आधी लोहचुंबक लावावा, चिकटल्यास आत पत्रा आहे. व्यास मिलिमीटरमध्ये, वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत घ्यावे. ओतीव नक्कल मूळ ठोकलेल्या नगापेक्षा किंचित लहान भरते, कारण धातू निवताना आकसतो. भिंगाखाली बारीक छिद्रे आणि बोथट अक्षरे दिसतात. पत्र्याच्या बटन-बिल्ल्यात कवच, छापील कागद, वरचा पारदर्शक थर, मागची कडी व टाचणी असे भाग असतात. वरचा थर सेल्युलॉइडचा असेल तर कापरासारखा वास येतो. तो थर कुजताना आम्लबाष्प सोडतो व शेजारच्या धातूला खातो, म्हणून असा बिल्ला हवेशीर कागदी पाकिटात बाकीच्यांपासून दूर ठेवावा.

जतन : सर्वांत जास्त नुकसान चिंच, राख व पॉलिश यांनी होते. प्रत्येक घासण्यात उठावदार नक्षीचा माथा झिजतो आणि चेहऱ्याचे नाक-केस आधी जातात. तपकिरी किंवा गर्द हिरवा, घट्ट थर सुरक्षित असतो. फिकट हिरवी भुकटी लाकडी काडीने सहज निघत असेल व दमट हवेत पुन्हा येत असेल, तर आत क्लोराइडचा रोग आहे. तो नग वेगळा काढून ४० टक्क्यांखालील आर्द्रतेत ठेवावा. विदर्भात खरी अडचण उन्हाळ्याच्या कोरडेपणानंतर एकदम येणाऱ्या पावसाळी दमटपणाची. झाकण घट्ट बसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात दर लिटरला सुमारे २० ग्रॅम सिलिका जेल पुरते. जेलचा रंग पालटला की शाळेच्या प्रयोगशाळेतील ओव्हनमध्ये ते १२० अंश सेल्सियसला दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून आम्ल व तेलकट द्रव सुटतो आणि तांब्यावर हिरवी चिकट घाण धरते. लोकर, फेल्ट व रबर यांनी चांदी काळी पडते. रेशमी फीत ५० लक्सपेक्षा जास्त उजेडात ठेवू नये. फाटकी असली तरी नवी बदलू नये. नोंदक्रमांक धातूवर न लिहिता सुती दोऱ्याच्या चिठ्ठीवर लिहावा.

संस्था व मेळ्यांचे बिल्ले : गुरुकुंज मोझरीचे उत्सव, गावोगावची कृषी प्रदर्शने आणि दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन यांचे बिल्ले घराघरांत आहेत. तेच चित्र वर्षानुवर्षे पुन्हा छापले जात असल्याने नगावरून साल ठरत नाही. खरेदीचे ठिकाण व वर्ष देणाऱ्याकडून तेव्हाच लिहून घ्यावे.