रिमोट चावी, मोटारीची : कोडिंग

हरवलेल्या वा बिघडलेल्या चावीच्या जागी घेतलेली नवी चावी गाडीतील यंत्रणेत नोंदवण्याची क्रिया. सांगली-मिरजेत ‘चावी कोड करणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे.

रिमोट चावीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही जण १९८० च्या फोर्ड थंडरबर्डच्या दारावरील अंकफलकापासून सुरुवात धरतात. पण तेथे आकडे दाबायचे असत, हातात चावी नव्हतीच. १९८२ च्या सुमारास रेनो फ्यूगोसोबत आलेली, पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून ‘प्लिप’ म्हटली गेलेली अवरक्त किरणांची चावी पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक. चोरीविरोधी ओळखीची वाट निराळी. १९८६ च्या शेव्हरले कॉर्व्हेटच्या चावीच्या पात्यात विद्युत रोधाची गोळी असे. तिची मूल्ये अवघी पंधरा. युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर (ओळखीची चावी नसल्यास इंजिन चालू न देणारी यंत्रणा) १९९८ पासून सक्तीचा झाला.

आज दार उघडणारा रिमोट आणि इमोबिलायझरची ओळख-चिप दोन्ही एकाच कवचात नांदतात, म्हणून गल्लत होते. इमोबिलायझरच्या चिपला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून, बहुधा १२५ किलोहर्ट्‌झवर, तिला ऊर्जा मिळते. सेल संपला तरी पात्याने दार उघडून गाडी सुरू करता येते ती यामुळेच. रिमोट मात्र सेलवर चालतो (भारतात बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ) आणि दर दाबाला नवा संकेत पाठवतो. कीलॉक (KeeLoq) या अशा बदलत्या संकेताच्या पद्धतीत संकेताच्या ६६ बिटांपैकी ३२ बदलते, ३४ स्थिर. खिशात बटण वारंवार दाबले जाऊन चावीतील दाबांची गणना गाडीतील गणनेच्या सोळाहून अधिक पुढे गेली, तर दोनदा लागोपाठ दाबावे लागते. ही पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली. २००७-०८ मध्ये संशोधकांनी ती भेदली.

चावीवाला आधी पाते कापतो. मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून, गाडीचा सुरक्षा-पिन (गुप्त क्रमांक) देऊन चिप नोंदवतो. काही गाड्यांत या वेळी जुन्या नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे घरातील दुसरी चावीही सोबत न्यावी लागते. पाते बरोबर पण चिप अनोळखी असेल, तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो आणि इंजिन चालू होऊन लगेच बंद पडते, किंवा होतच नाही. जुन्या बाजारातील चावी स्वस्त पडते खरी, पण अनेक चिपा एकदा लिहिल्या की कुलूपबंद होतात आणि दुसऱ्या गाडीला चालत नाहीत.

कृष्णेच्या २०१९ वा २०२१ च्या पुरासारख्या पाण्यात भिजलेल्या चावीतील सर्किटची पट्टी गंजते. चिप वेगळ्या काचेच्या कुपीत असल्यास ती बहुधा वाचते आणि नव्या कवचात बसवता येते.