हैतीतले नातेवाईक अमेरिकेत आणताना: पात्रता, कागदपत्रं आणि चर्चची मदत

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपात पोर्ट-ओ-प्रिन्सचं कॅथेड्रल कोसळलं आणि तिथले आर्चबिशप जोसेफ सर्ज मिओ दगावले. अमेरिकेत कमावणाऱ्या हैतीच्या माणसांना घोर लागला तो मागे राहिलेल्या बायकामुलांचा आणि भावंडांचा. त्यांना इकडे कसं आणायचं, या एका प्रश्नासाठी अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने सरकारदरबारी अनेक वर्षं पाठपुरावा केला. मागण्या दोन होत्या, आणि त्यातला फरक नीट समजून घ्यायला हवा.

पहिली मागणी तात्पुरत्या संरक्षित दर्जाची, म्हणजे टीपीएसची. पुढे २०१० मध्ये मायामीचे आर्चबिशप झालेले थॉमस वेन्स्की हैतीची क्रेओल भाषा बोलतात. मायामीतल्या हैतीयन वस्तीत त्यांनी बरीच वर्षं काम केलेलं, त्यामुळे ही मागणी ते भूकंपाआधीपासून करत होते. भूकंपानंतर काही दिवसांतच सरकारने ती मान्य केली. पण सुरुवातीला हा दर्जा भूकंपाच्या दिवशी अमेरिकेत असलेल्यांनाच मिळाला. राहता आलं, काम करता आलं. घरच्यांना मात्र त्यावर बोलावता येत नाही.

म्हणून दुसरी मागणी पॅरोलची. पॅरोल म्हणजे व्हिसा हातात नसताना ठरावीक मुदतीपुरता दिलेला प्रवेश. क्यूबाच्या कुटुंबांसाठी अशी योजना २००७ पासून होती. हैतीसाठी ती जाहीर व्हायला ऑक्टोबर २०१४ उजाडला.

पात्रता

मूळ अर्ज आय-१३०. अमेरिकेतला नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक तो आपल्या नातेवाईकासाठी भरतो. नागरिकाला जोडीदार, मुलं, आईवडील आणि भावंडांसाठी भरता येतो. ग्रीनकार्डधारकाला फक्त जोडीदार आणि अविवाहित मुलांसाठी. नागरिकाचा जोडीदार, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आईवडील यांना व्हिसाची रांग नाही. बाकी सगळ्यांना आहे, आणि ती वर्षानुवर्षं चालते. अमेरिकेतून पुण्या-नाशिकच्या भावासाठी अर्ज भरलेल्या मराठी माणसाला हे सांगायला नको. भारतीय भावंडांची रांग पंधरा वर्षांहून लांब आहे.

पॅरोलच्या अटी अशा होत्या: आय-१३० १८ डिसेंबर २०१४ पर्यंत मंजूर झालेला हवा, नातेवाईक हैतीतच राहणारा हवा, आणि व्हिसाचा नंबर साधारण १८ ते ३० महिन्यांत लागण्यासारखा हवा. आपणहून अर्ज करता येत नसे. नॅशनल व्हिसा सेंटर या सरकारी व्हिसा-केंद्राचं पत्र आलं की पॅरोलसाठीचा आय-१३१ भरायचा, सोबत आर्थिक जबाबदारीचा आय-१३४. फी परवडत नसेल तर माफीची विनंती करता येई. ती ३० महिन्यांची अट मला फार कठोर वाटते. ज्यांची रांग सर्वांत लांब, ते भाऊबहीण तिच्यामुळेच बाहेर राहिले.

कागदपत्रं

खरी अडचण इथे येते. नातं सिद्ध करायला जन्मदाखला लागतो, आणि हैतीचा दाखला म्हणजे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने दिलेला उतारा. स्थानिक नोंदणी कार्यालयातला कागद पुरत नाही. भावासाठी अर्ज असेल तर दोघांचे दाखले हवेत, दोन्हींवर निदान एक पालक तोच. जोडीदारासाठी विवाहनोंद, आणि आधीचं लग्न झालं असल्यास घटस्फोटाचा किंवा मृत्यूचा पुरावा. फ्रेंच कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं, खाली भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र.

पण दाखलाच ढिगाऱ्याखाली गेला असेल तर? आधी संबंधित कार्यालयाकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असं लेखी घ्यावं. मग पर्यायी पुरावा चालतो, आणि त्यात चर्चचा बाप्तिस्मा दाखला मोडतो. अट इतकीच की त्यावर चर्चची मोहर हवी, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आईवडिलांची नावं हवीत, आणि बाप्तिस्मा जन्मानंतर दोन महिन्यांच्या आत झालेला हवा. मूल सहा महिन्यांचं असताना बाप्तिस्मा झाला असेल तर त्या दाखल्यावर विसंबू नका. शाळेची नोंद किंवा जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडा. तेवढ्याने भागलं नाही तर डीएनए चाचणी सुचवली जाते. तिचा खर्च कुटुंबावर पडतो.

आपत्तीच्या कारणाने अर्ज लवकर तपासण्याची विनंती जरूर करा. पण मंजुरी लवकर मिळाली म्हणून व्हिसाची रांग पुढे सरकत नाही. रांगेतला क्रमांक आय-१३० दाखल झालेल्या तारखेवर ठरतो, तेव्हा योजनेची वाट पाहत तो अडवून ठेवू नये. पॅरोलच्या योजना सरकार बदललं की बदलतात. पैसे भरण्याआधी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर चालू स्थिती बघा.

फॉर्म भरायला चर्चशी जोडलेली कायदा-मदत केंद्रं आहेत. त्यातल्या अनेकांना ‘कॅथलिक लीगल इमिग्रेशन नेटवर्क’चं पाठबळ असतं. तिथे वकील नसला तरी न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी काम करू शकतो. त्याचं मान्यतापत्र मागून बघा. तो अर्जासोबत जी-२८ हा, आपण तुमचे प्रतिनिधी आहोत हे सांगणारा फॉर्म सही करून जोडतो. जो पैसे घेतो पण जी-२८ वर सही करायला तयार नाही, त्याच्या हातात मूळ दाखले देऊ नका.