बॉल प्लेसमेंट (रग्बी सराव)

रग्बी युनियनमध्ये टॅकल होऊन खाली पडलेल्या खेळाडूने चेंडू आपल्या संघाच्या बाजूला, प्रतिस्पर्ध्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवण्याचा सराव. धरून जमिनीवर पाडलेल्या खेळाडूने चेंडू लगेच पास करावा, ठेवावा किंवा सोडावा असा नियम आहे. तो कवटाळून बसल्यास समोरच्या संघाला पेनल्टी मिळते. सात खेळाडूंच्या रग्बीत मदतीला येणारे मोजकेच असतात, म्हणून तिथे चूक जास्त महागात पडते.

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद पट्टा आणि चार जण पुरतात : चेंडूवाला, पॅड (धडक झेलायची जाड गादी) धरणारा आणि मागून येणारे दोघे. पाच नंबरचा चेंडू २८ ते ३० सेंमी लांब, ४१० ते ४६० ग्रॅम वजनाचा असतो. सुरुवात गुडघ्यांवर बसून, मग चालत, शेवटी धावत. धडकेआधी पावले आखूड करून कंबरेत वाकावे, चेंडू पॅडपासून लांबच्या काखेत न्यावा, खांदा पॅडला भिडवावा आणि पाय चालते ठेवावेत. पडताना हनुवटी छातीशी; आधी गुडघा, मग कुल्ला, मग खांदा टेकावा. आधारासाठी हात टेकला की मनगट नाहीतर हासळी दुखावते. टेकताच कुशीवर वळून डोके आपल्या संघाकडे करावे आणि दोन्ही हात लांब करून चेंडू ठेवावा. ठेवावा, भिरकावू नये. लंबगोल चेंडू कुठेही घरंगळतो. अंग गोललाइनला (मैदानाच्या टोकाकडच्या आडव्या रेषेला) समांतर राहिले, तर पायांवर उभा असलेला प्रतिस्पर्धी नुसता वाकूनही चेंडू उचलतो. नव्यांची ही नेहमीची चूक. मागचे दोघे बाजूने न घुसता थेट मागूनच येतात. सहा-सहा वेळा करून भूमिका बदलाव्यात. दमलेला खेळाडू हात टेकतोच.

सोलापुरात कबड्डी आणि तालमीची सवय घेऊन आलेल्या मुलांच्या बाबतीत प्रशिक्षकाने दोन गोष्टी पाहाव्यात. कबड्डीपटूचा लांब हात इथे उपयोगी. पण धरले गेल्यावरही रेषेकडे सरपटत जायची त्याची खोड रग्बीत थेट पेनल्टी देते. पैलवान पाठ टेकू नये म्हणून पोटावर वळतो आणि चेंडू अंगाखाली अडकतो. दोघांनाही ‘पड, वळ, ठेव’ एका दमात म्हणायला लावल्यास फरक पडतो.

इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून टणक होते, कोपरे सोलतात. पावसात तीच बुटांना चिकटते. धावत पडण्याचा सराव हिरवळीवर किंवा भुसभुशीत केलेल्या लाल मातीवर घ्यावा. गुडघ्यांवरच्या टप्प्यासाठी सोलापुरी चादरीची जाड घडी चालते. धावताना नको, ती पायाखालून सरकते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा हा सराव उजाडताच उरकावा.