बाटलीमागचं स्टिकर आधी वाचा
परदेशी सिरम आणि क्रीम घेणाऱ्या पार्लर, दुकानदार व घरगुती ग्राहकांसाठी

"हेच सिरम मोबाईलवर निम्म्या किमतीत दिसतंय, तुमच्याकडे एवढं महाग कसं?" कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. रास्त आहे. म्हणून हिशोबच छापून ठेवला.

समजा, बाटली भाडं आणि विमा धरून १००० रुपयांना भारतात पोचली. त्यावर मूळ सीमाशुल्क २० टक्के, म्हणजे २०० रुपये. त्या २०० वर सामाजिक कल्याण अधिभार १० टक्के, २० रुपये. झाले १२२०. आता या १२२० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, २१९ रुपये ६० पैसे. बाटली कस्टम्समधून सुटते तेव्हाच १४३९ रुपये ६० पैशांची झालेली असते. मुंबई ते कोल्हापूर भाडं, फूटतूट आणि आमचे चार पैसे त्यापुढचे.

नेहमीच्या जीएसटी नोंदणीतल्या दुकानदारांनी पक्कं बिल घ्यावं, कराची वजावट मिळते, म्हणजे खरेदीत भरलेला जीएसटी तुमच्या देण्यातून वजा होतो. पार्लरचं तसं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवेवर कर ५ टक्क्यांवर आला खरा, पण सेवेत वापरलेल्या मालाची वजावट गेली. दर ठरवताना हे धरा.

कर भरला म्हणजे माल सुटला, असंही नाही. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे आयातीआधी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी लागते. तिची फी डॉलरमध्ये: प्रत्येक वर्गाला १०००, प्रत्येक कारखान्याला ५०० आणि प्रत्येक प्रकाराला ५०. "त्याच कंपनीचं गुलाबाच्या वासाचं का आणत नाही?" याचं उत्तर या शेवटच्या पन्नासात आहे. शिवाय मुदत संपायला सहा महिन्यांपेक्षा कमी उरले असतील, तर तो माल आयातच करता येत नाही. निम्म्या किमतीचं काही पाहिलंत तर आधी तारीख बघा.

आता ॲक्टिव्हबद्दल, म्हणजे त्वचेवर खरं काम करणाऱ्या घटकांबद्दल. नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल ही प्रसाधनं म्हणून येतात. ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडची मलमं ही औषधं. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन नात्यातले असले तरी कायद्याने त्यांची घरं वेगळी आहेत. "मुरूम बरे करते" असं लिहिलेली बाटलीही आम्ही प्रसाधन म्हणून आणत नाही, कारण बरं करण्याचा दावा आला की ते औषध झालं. आणि आठवड्यात गोरं करणारी बिननावाची डबी कुणी दिली, तर कृपा करून लावू नका. अशा क्रीममध्ये पारा सापडतो, तो किडनीला बाधतो. नियमात जाणूनबुजून पारा घालायलाच बंदी आहे. नकळत आलेला दहा लाखात एक भागापर्यंतच चालतो, डोळ्यांच्या प्रसाधनांचा नियम तेवढा वेगळा.

स्टिकरवर काय बघायचं? नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक, आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं, बॅच नंबर, मुदत, एमआरपी आणि तक्रारीचा फोन. "बहिणीनं दुबईहून आणलं" अशा बाटलीवर यातलं बरंच काही नसतं. बहिणीनं स्वतःसाठी आणलं तर तिचं ती बघेल; पण पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला ते लावून उद्या चट्टे उठले, तर तुम्ही बोट कुणाकडे दाखवणार?

व्हिटॅमिन सी चहासारखं तपकिरी झालं असेल तर बिलासकट घेऊन या, बदलून देऊ. स्टिकर खरवडलेली बाटली मात्र परत घेत नाही.