मेलची फाइल वर्षवार का तोडतात?

आउटलुक हा मायक्रोसॉफ्टचा मेल-प्रोग्राम वापरणाऱ्या अनेक कार्यालयांत 'मेल २०१८', 'मेल २०१९' अशा वर्षवार पीएसटी फाइली, म्हणजे आउटलुक संगणकावर मेल साठवतं त्या फाइली, करून ठेवलेल्या दिसतात. "फाइल फार वाढू देऊ नका, बिघडते," असं जुनी मंडळी नव्यांना बजावतात. हा सल्ला ऐकीव नाही, अनेकांनी हात पोळून घेतल्यावर आलेला आहे.

१९९७ साली आउटलुक आलं तेव्हा सर्व्हरवरची जागा महाग होती. कार्यालयांचे मेल सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीत सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मेलबॉक्सचा मिळून डेटाबेस १६ जीबीच्या वर जाऊ शकत नसे. प्रत्येकाला थोडी जागा द्यायची आणि बाकीचं आपापल्या संगणकावर उतरवून घ्यायला सांगायचं, हाच मार्ग होता. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वांना खुलं केलं, पण डायल-अपवर फोनचं बिल चढत असताना ऑनलाइन मेल वाचत बसणं परवडत नसे. लाइन जोडायची, मेल उतरवायचे, लाइन तोडायची. आउटलुकमध्ये उतरवलेलं सगळं एकाच पीएसटी फाइलीत जाऊन पडे.

खरी अडचण त्या फाइलीच्या रचनेत होती. आतल्या जागांचे पत्ते ३२ बिटांत लिहिले जात, त्यामुळे तिची कमाल मर्यादा २ जीबी. सुरुवातीच्या आवृत्त्या काठाशी आल्यावर वापरणाऱ्याला अडवतही नसत. फाइल मर्यादा ओलांडे आणि मग उघडतच नसे. मायक्रोसॉफ्टने त्यावर दिलेलं साधन फाइलीचा शेवटचा तुकडा छाटून टाकी, आणि उरलेला भाग आउटलुकसोबतच्या स्कॅनपीएसटी या साधनाने दुरुस्त करावा लागे. छाटलेल्या तुकड्यातले मेल गेले ते गेलेच. वर्षवार फाइली करण्याची सवय इथून रुजली, आणि त्या काळात ती अगदी योग्यच होती.

मेल पुसले तरी फाइल लगेच लहान होत नाही, हेही पुष्कळांना उशिरा कळलं. पुसलेल्याची जागा आत रिकामी राहते. फाइल 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच ती डिस्कला परत मिळते.

ऑटोआर्काइव्ह हा उपाय आउटलुकमध्येच होता. ठरावीक दिवसांनी तो जुने मेल वेगळ्या आर्काइव्ह फाइलीत हलवी. पण विंडोज एक्सपीवर ती फाइल एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये असे. संगणक फॉरमॅट करताना लोक 'माय डॉक्युमेंट्स' जपून ठेवत आणि वर्षांचा पत्रव्यवहार पुसून जाई. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते, कारण काळजी घेणाऱ्याचंच नुकसान होत होतं.

आउटलुक २००३ने ६४ बिटांची नवी, युनिकोड पीएसटी आणली. मर्यादा २० जीबी झाली, २०१०च्या आवृत्तीत ५० जीबी. पण जुनी फाइल आपोआप नव्या रूपात बदलत नाही. नवी फाइल तयार करून मेल तिच्यात हलवावे लागतात. ते न केलेल्यांना नव्या आउटलुकमध्येही २ जीबीचीच मर्यादा राहिली.

दरम्यान १ एप्रिल २००४ला जीमेल १ जीबी जागा घेऊन आलं, आणि मेल पुसायचेच कशाला, असं लोकांना वाटू लागलं. कार्यालयांची गरज मात्र वेगळी होती. संगणकांवर विखुरलेल्या पीएसटींचा बॅकअप धड होत नसे. आउटलुक चालू असताना फाइल कुलूपबंद असते, आणि एक मेल आला तरी कित्येक जीबींची अख्खी फाइल बदललेली दिसते. नेटवर्कवरच्या सामायिक ड्राइव्हवरून ती वापरू नये, असं तर मायक्रोसॉफ्टच सांगत आलं आहे. एक्सचेंज २०१०ने म्हणूनच आर्काइव्हचा स्वतंत्र मेलबॉक्स पुन्हा सर्व्हरवर नेला. २०१० साली पीएसटीच्या रचनेचा तपशील मायक्रोसॉफ्टने जाहीर केला, त्यामुळे इतर कंपन्यांनाही या फाइली वाचणारी साधनं अधिकृत माहितीच्या आधारे बनवता आली.

कपाटातल्या जुन्या हार्ड डिस्कवर अशी फाइल असेल, तर आउटलुकमध्ये तिच्या गुणधर्मांत स्वरूप पाहा. तिथे '९७-२००२' असं दिसलं, तर ती २ जीबीवालीच आहे.