‘अवर लेडी ऑफ डार्कनेस’: शहराच्याच मालमसाल्यातून उभं राहिलेलं भूत

अमेरिकी लेखक फ्रिट्झ लायबर यांची ही भयकादंबरी १९७७ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. तिचं आधीचं, आटोपशीर रूप ‘द पेल ब्राउन थिंग’ या नावाने १९७७च्या जानेवारी-फेब्रुवारीत ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’मध्ये दोन हप्त्यांत छापून आलं होतं. पण कादंबरीची मुळं त्याहून बरीच जुनी आहेत.

१९४१ साली ‘अननोन वर्ल्ड्स’ मासिकात लायबर यांची ‘स्मोक घोस्ट’ ही कथा आली. एक नोकरदार संध्याकाळी उन्नत रेल्वेने घरी जाताना गच्च्यांवर पडलेलं काळपट गाठोडं बघतो. दुसऱ्या दिवशी ते जरा जवळच्या गच्चीवर दिसतं, मग आणखी जवळ. हे भूत स्मशानातून किंवा पडक्या गढीतून आलेलं नाही, गिरण्यांच्या काजळीतून आलंय. भुताला शहराबाहेरून आणायचं नाही, शहर ज्यापासून बनतं त्यातूनच घडवायचं, ही युक्ती लायबर यांना तेव्हाच सापडली होती. कादंबरीएवढा पैस मात्र तिला छत्तीस वर्षांनी मिळाला.

मधल्या काळात १९६९ साली त्यांच्या पत्नी जाँक्विल वारल्या. लायबर लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोला आले, दारूत बुडाले, हळूहळू बाहेर आले. ८११, गिअरी स्ट्रीट हा त्यांचा तिथला पत्ता. कादंबरीचा नायक फ्रान्झ वेस्टन हाही भयकथा लिहिणारा, विधुर, नुकताच दारूतून सावरलेला, आणि राहतो त्याच पत्त्यावर. पलंगाच्या रिकाम्या अर्ध्या भागावर तो पुस्तकं आणि मासिकं अशी रचत जातो की शेजारी बाई झोपल्यासारखा आकार तयार होतो. त्या ढिगाला तो लाडाने ‘स्कॉलर्स मिस्ट्रेस’ म्हणतो. वाचताना हे विनोदी वाटतं. तसं ते वाटावं, अशीच लेखकाची योजना आहे.

कथेचा सगळा ताण एका सरळ रेषेवर उभा आहे. वेस्टनच्या खिडकीतून साधारण तीन किलोमीटरवर कोरोना हाइट्स नावाची बोडकी, खडकाळ टेकडी दिसते. दुर्बिणीतून त्याला तिथे फिकट तपकिरी रंगाचं काहीतरी नाचताना दिसतं. तो टेकडीवर जातो, तिथे कोणी नाही. मग तिथून तो दुर्बीण आपल्याच खिडकीवर रोखतो, तर ते तिथून बाहेर वाकून त्याला हात करतंय. इंग्रज भूतकथाकार एम. आर. जेम्स यांनीही १९२५च्या एका कथेत दुर्बिणीतून भय आणलं होतं. लायबर यांनी ती दोन्ही टोकांनी वापरली. रक्त नाही, किंकाळी नाही, आणि तरी त्या पानानंतर स्वतःच्या खोलीत परतणं हेच संकट होऊन बसतं.

त्या इमारतीचं वयही महत्त्वाचं. १८ एप्रिल १९०६च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत व्हॅन नेस अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेचा हा भाग जळून गेला, त्यामुळे इथल्या एकेका खोलीच्या बिऱ्हाडांच्या बहुमजली इमारती त्यानंतरच्या. कालांतराने त्यांचा वापर बदलला, डागडुजी झाली, आणि काही गोष्टी निरुपयोगी होऊन तशाच राहिल्या: काळ्या रंगाने रंगवून टाकलेल्या डक्टकडच्या खिडक्या, मूठ नसलेली कपाटांची दारं. लायबर हे तपशील सुरुवातीला जाता जाता सांगतात. ‘६०७ ऱ्होड्स’ या जुन्या पत्त्याचा शोध लागतो तेव्हा त्यांचा अर्थ फिरतो; कसा, ते इथे फोडत नाही.

या भयामागचा सिद्धांत आहे ‘मेगापोलिसोमन्सी’. पोलाद, काँक्रीट, रॉकेल, वीज आणि कागद यांचे प्रचंड साठे एका जागी झाले की महानगरात ‘पॅरामेंटल’ शक्ती जन्मतात, असं तिबो द कास्त्री नावाचा पंडित मांडतो. हा पंडित आणि त्याचा ग्रंथ दोन्ही काल्पनिक आहेत, शोधायला जाऊ नये. फसायला होतं, कारण त्याच्याभोवती जॅक लंडन, अ‍ॅम्ब्रोज बिअर्स, जॉर्ज स्टर्लिंग, डॅशिएल हॅमेट अशी खरी माणसं बसवली आहेत. काळही अचूक निवडलेला: २६० मीटर उंचीचा ट्रान्सअमेरिका पिरॅमिड १९७२ साली पुरा झाला, तर १९७३ साली २९८ मीटरचा सुट्रो टॉवर सुरू झाला. शहराच्या क्षितिजावर रोज काहीतरी नवं उगवत असताना हा सिद्धांत वाचकाला अगदीच वेडगळ वाटला नसेल.

सिद्धांताच्या यादीतला कागद मला सर्वांत मार्मिक वाटतो. स्वस्त पल्प मासिकांच्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. हवा-उजेडाने तो तपकिरी पडतो, कडांना तुकडे सुटतात. त्या आकृतीचा रंग असाच का, हे शेवटाकडे आल्यावर कळतं.

शीर्षक इंग्रज निबंधकार थॉमस डी क्विन्सी यांच्या १८४५च्या ‘सस्पिरिया दे प्रोफुंडिस’मधून घेतलंय. त्यातल्या तीन शोकदेवतांपैकी ही तिसरी. योगायोग असा की त्याच लेखनावरून नाव घेतलेला दारिओ अर्जेंतो यांचा ‘सस्पिरिया’ चित्रपटही १९७७चाच.

कादंबरीत दोष आहे. मधल्या भागात बायर्स हे पात्र द कास्त्रीचा सगळा इतिहास एका बैठकीत सांगत सुटतं, आणि तिथे पुष्कळ वाचक पुस्तक मिटतात. तेवढी पानं नेटाने काढावीत, कारण शेवटाची सगळी तयारी तिथेच आहे. ‘द पेल ब्राउन थिंग’ २०१६ साली डब्लिनच्या स्वान रिव्हर प्रेसने स्वतंत्र पुस्तक म्हणून काढलं. दोन्ही मिळाली तर कादंबरी आधी वाचावी.