इंटिरिअर किती वर्षं टिकणार, ते पाणी ठरवतं

सस्टेनेबल इंटिरिअर म्हटलं की लगेच बांबू आणि रिसायकल केलेल्या वस्तू डोळ्यासमोर येतात, पण माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे, हे सगळं किती वर्षं टिकणार? किचन 8 वर्षांनी उखडून टाकायचं असेल तर त्यातला माल कितीही इको-फ्रेंडली असू दे, परत बोर्ड, परत गोंद, परत वाहतूक, आणि जुनं सगळं कचऱ्यात. तेच किचन 30 वर्षं चाललं तर मधली दोन-तीन किचनं बनवावीच लागत नाहीत.

आणि फर्निचरची वाट लागते ती बऱ्याचदा पाण्यामुळे. नुसतं सांडलेलं पाणी नाही, हवेतली वाफसुद्धा.

लाकूड आतून स्ट्रॉच्या जुडीसारखं असतं. झाड कापलं, लाकूड सुकवलं, पॉलिश केलं तरी त्या तंतूंच्या भिंती हवेतली वाफ ओढत आणि सोडत राहतात, हे कधी थांबतच नाही. लांबीत लाकूड जवळपास हलत नाही, हलतं ते रुंदीत. 30 सेंटीमीटर रुंद फळीतला ओलावा 4 टक्क्यांनी बदलला तर ती 2-3 मिलीमीटर फुगू किंवा आकसू शकते. म्हणून चांगल्या सुताराने केलेलं दार नीट बघा, मधली फळी चौकटीला चिकटवलेली नसते, खाचेत सैल बसवलेली असते, तिला हलायला जागा ठेवलेली असते. अख्ख्या लाकडाचा टेबलटॉप खालून स्क्रूने गच्च आवळला तर आज ना उद्या त्याला भेग पडायची शक्यता खूप, म्हणून तिथे स्क्रूची भोकं लांबट ठेवतात.

प्लायमध्ये हाच प्रश्न हुशारीने सोडवलाय, एका थराचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे, त्यामुळे थर एकमेकांना धरून ठेवतात. थर सहसा विषम संख्येत असतात, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहते. ही ओढ बिघडली की काय होतं ते कपाटाच्या शटरमध्ये दिसतं, फक्त बाहेरून लॅमिनेट लावलं आणि आतली बाजू तशीच सोडली तर शटर हळूहळू वाकतं. आतून लॅमिनेट लावणं म्हणजे उगाच खर्च असं अनेकांना वाटतं, पण ते शटर सरळ राहण्यासाठीच असतं.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक तंतू किंवा तुकडे गोंदात दाबून बसवलेले, आणि तो गोंद बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा. ओलावा आणि उष्णता मिळाली की हा गोंद हळूहळू तुटतो, त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये याला माणसात कॅन्सर करणारा पदार्थ ठरवलंय, त्यामुळे बोर्ड घेताना ई-1 (फॉर्मल्डिहाइड किती सुटतो त्याचा दर्जा) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा आहे का हे विचाराच. शिवाय हा बोर्ड एकदा फुगला की सुकल्यावर परत मूळ जाडीवर येत नाही, कारण दाबलेले तंतू सुटलेले असतात. सिंकखालच्या कपाटाची खालची कड बघा, सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. कोरड्या खोलीत, सगळ्या कडा नीट सील करून हेच बोर्ड छान चालतात, पण ओल्या जागी नकोच.

सोफ्याचं पीयू लेदर, म्हणजे कापडावर पॉलीयुरेथेन या प्लास्टिकचा थर दिलेलं नकली चामडं, काही वर्षांत पोपडे धरतं, तिथेही पाणीच. अनेक पीयूंमधले रासायनिक बंध हवेतल्या ओलाव्याने तुटतात, तुम्ही सोफ्यावर बसा अगर बसू नका. कितीही जपला तरी उपयोग नाही म्हणून याचा मला फार राग येतो.

भिंतींचं थोडक्यात सांगायचं तर चुन्याचा गिलावा वाफ आरपार जाऊ देतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होत जातो. ओल असलेल्या भिंतीवर प्लास्टिकसारखा थर देणारा पेंट मारला की ओल आत अडकते आणि रंगाचे फुगे येतात.

आता लक्झरीचं बोलायचं तर माझ्यासाठी लक्झरी म्हणजे जाडी. विनिअर म्हणजे प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर, अर्ध्या मिलीमीटरच्या विनिअरवर ओरखडा पडला तर पॉलिश पेपर मारायला भीती वाटते, लगेच खालचा प्लाय दिसतो. फ्लोअरिंगवर खऱ्या लाकडाचा थर 4 मिलीमीटर असेल तर तो घासून पुन्हा नवा करता येतो, तेही एकापेक्षा जास्त वेळा. संगमरवराचंही तसंच, लिंबाच्या रसाने त्याची चकाकी जाते, कारण तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, पण घासून पॉलिश केलं की परत येते. त्यामुळे कोटेशन हातात आलं की रंग आणि डिझाइनच्या आधी वरच्या थराची जाडी आणि कोणता बोर्ड कुठे लावणार ते लिहून घ्या, आणि काम संपल्यावर उरलेलं विनिअर, चार टाइल्स आणि पेंटचा शेड नंबर जपून ठेवा, पुढे एखादा तुकडा बदलायची वेळ आली तर तोच लॉट बाजारात मिळेलच असं नाही.